चार सुवर्णपदकं, तीही चालून

इकडे पोलंडमध्ये खेळाचा विषय निघाला की फुटबॉलमधला लेवान्डोव्स्की आणि टेनिसमधली श्वियाँतेक ही नावं येणारच. पण ऑफिसातली पन्नाशीची मंडळी बोलायला लागली की तिसरं नाव ठरलेलं, रॉबर्ट कोझेन्योव्स्की. हा माणूस चालायचा. नुसता चालून त्याने ऑलिम्पिकची चार सुवर्णपदकं मिळवली!

मी आधी हसलो होतो. मग क्राकोच्या ब्वोन्यावर, म्हणजे शहराच्या मधोमध असलेल्या अफाट कुरणाच्या कडेने, चालण्याचा सराव करणारी पोरं जवळून पाहिली. कंबर दर पावलाला वळते, टाच टेकते तेव्हा गुडघा काठीसारखा ताठ, हात कोपरात वाकवून छातीपाशी झपाझप हलतात. त्यांचे कोच गुडघ्यावर बसून फक्त पावलांकडे बघत होते. मी शेजारून पळत होतो, तरी मागे पडलो.

चालण्याच्या शर्यतीचे नियम दोनच. एक पाय सतत जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे, आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली सरळ उभा येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. गंमत अशी की दोन्ही पाय एकदम उचलले गेले की नाही, हे पंचांनी नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं, कॅमेरा चालत नाही. कोझेन्योव्स्कीच्या काळी तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डं पडली की खेळ खल्लास व्हायचा.

१९९२ला बार्सिलोनात कोझेन्योव्स्कीचं तेच झालं. ५० किलोमीटरच्या शर्यतीत तो दुसऱ्या क्रमांकावर होता आणि स्टेडियमच्या दारात पंचांनी त्याला बाद केलं. जवळजवळ चार तास चालून हातातोंडाशी आलेला घास गेला. दुसरा कुणी असता तर खेळ सोडून मोकळा झाला असता. या गड्याने १९९६ला अटलांटात तीच शर्यत जिंकली.

मग आलं २००० सालचं सिडनी. २० किलोमीटरमध्ये मेक्सिकोचा बेर्नार्दो सेगुरा पहिला आला. मायदेशातून खुद्द राष्ट्राध्यक्षांचा अभिनंदनाचा फोन आला, आणि तो बोलत असतानाच पंचांनी येऊन लाल कार्ड दाखवलं. सुवर्ण गेलं कोझेन्योव्स्कीकडे. माझे सहकारी हा किस्सा सांगताना जरा ओशाळतात, पण मला नाही वाटत ओशाळायचं काही कारण आहे. नियम तोच, पंचांचे डोळे तसलेच, आणि त्याची किंमत याने आधीच मोजलेली होती. शिवाय आठवड्याभरात त्याने ५० किलोमीटरही जिंकून दाखवलं. एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिलाच.

२००३च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत त्याने ५० किलोमीटर ३ तास ३६ मिनिटं ३ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. म्हणजे किलोमीटरला साधारण ४ मिनिटं १९ सेकंद, आणि तेही न धावता, लागोपाठ पन्नास वेळा. मी जीव तोडून पळालो तरी एक किलोमीटर तसा निघेल का, शंकाच आहे. २००४ला अथेन्समध्ये चौथं सुवर्ण घेऊन तो निवृत्त झाला.

२०२१ला टोकियो ऑलिम्पिकमधली ५० किलोमीटरची शर्यत सप्पोरोत झाली आणि तीही पोलंडच्याच दाविद तोमालाने जिंकली. त्यानंतर ही शर्यत ऑलिम्पिकमधून काढून टाकली. पुरुषांना आणि बायकांना समान शर्यती हव्यात हे कारण पटण्यासारखं आहे, पण मग बायकांनाही ५० द्यायचे होते की!