पगाराचा रन अडवला, आणि आकडा बरोबर निघाला

आमचं काम इतर कंपन्यांचे पगार काढून देण्याचं. महिनाअखेरीला शेकडो ओळींच्या फाइली बँकेकडे जातात. एका कंपनीचे पगार काढून पाठवण्याच्या या फेरीला आम्ही ‘रन’ म्हणतो. त्या वेळेत गेल्या तर कुणाला आमची आठवणसुद्धा होत नाही. अर्धा तास उशीर झाला की फोन सुरू.

त्या सकाळी फाइल बँकेकडे जाण्याआधीच्या शेवटच्या तपासणीला टीममधला सगळ्यात नवा मुलगा बसला होता. एका ग्राहक कंपनीत माणसं गेल्या महिन्याइतकीच, पण एकूण रक्कम बरीच फुगलेली. त्याने होल्डचं बटण दाबलं आणि ग्रुपवर टाकलं, ‘रन थांबवलाय, बेरीज पटत नाही.’ परवानगी विचारली नाही. विचारायची गरजही नव्हती. शंका आली की कुणीही रन थांबवू शकतो, हा नियम मॅडमनी टीम हातात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात केला होता. पण असे नियम कागदावर बऱ्याच ठिकाणी असतात. ते वापरायची हिंमत कोण करतो, हे बघायचं.

मॅडम मीटिंग अर्धवट सोडून आल्या. ‘का थांबवलंस?’ हा प्रश्न आलाच नाही. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, ‘तुला काय दिसलं ते मला दाखव.’ तो घाईघाईत समजावायला लागला. ‘सावकाश. आधी गेल्या महिन्याची बेरीज उघड.’

दोन-तीन मिनिटांत कामं वाटून झाली. मी ग्राहकाकडून आलेली मूळ माहिती आणि आमची फाइल ओळीने ताडून पाहायची. ग्राहकाला फोन त्या स्वतः करणार. मुलाला कुणीही थेट फोन करायचा नाही, जे काही असेल ते त्यांच्याकडे. ‘पुढचा निरोप साडेदहाला. काही कळलं नसेल तर तेच कळवायचं.’ एवढ्यात वरचे साहेब येऊन मुलाच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे राहिले. मॅडम त्यांना बोलत बोलत बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेल्या. तिथे काय बोलणं झालं माहीत नाही, पण साहेब परत आत आले नाहीत. मागे कुणी उभं असलं की माणसाला साधी वजाबाकी सुचत नाही. साहेबांना बाहेर नेणं हेच मला अजूनही त्या दिवसातलं सगळ्यात उपयोगी काम वाटतं.

एक सांगायला हवं. मॅडमना डेटाबेसमधून दोन ओळींची माहितीही स्वतः काढता येत नाही. रजेचे अर्ज त्यांच्याकडे आठवडाभर पडून राहतात आणि त्यावरून आमची कुरकुर चालूच असते. गूगलने प्रोजेक्ट ऑक्सिजन नावाच्या अभ्यासात चांगल्या मॅनेजरचे आठ गुण काढले होते, त्यात तांत्रिक कौशल्य आठवं, म्हणजे शेवटचं होतं. तरी एक खरं, समोरचा काय दाखवतोय ते कळण्याइतकं काम मॅडमना येतं. तेवढंही येत नसतं तर शेजारी बसून काही उपयोग नव्हता.

शेवटी निघालं ते असं: ग्राहकाने पगारवाढीची थकबाकी त्याच महिन्यात द्यायचं ठरवलं होतं. तसा मेल आला होता, पण आमच्यातल्या रजेवर असलेल्या एकाच्या इनबॉक्समध्ये. बेरीज बरोबर होती. रन थांबवायची काहीच गरज नव्हती.

हे कळेपर्यंत बँकेची सकाळची वेळ टळली. पगार दुपारच्या खेपेत गेले. ग्राहकाच्या एचआरवाल्यांनी मॅडमना फोनवर चांगलंच सुनावलं, आणि इकडे मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. मी याआधी जिथे होतो, तिथे असल्या दिवशी पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ हा असायचा. त्यामुळे शंका आली तरी लोक गप्प बसायचे आणि चूक पुढच्या टेबलावर सरकवायचे.

फोन ठेवल्यावर मॅडम सगळ्यांसमोर त्याला म्हणाल्या, ‘तुला जे दिसत होतं त्यावर थांबवणं बरोबरच होतं. मी असते तरी थांबवलं असतं.’ मग लगेच आमच्याकडे वळल्या, ‘आता सांगा, थकबाकीची गोष्ट याच्यापर्यंत का पोचली नाही?’ पुढचा तासभर त्यावरच गेला. बदलाचे मेल यापुढे एकट्यादुकट्याकडे न येता सामायिक इनबॉक्सवर येणार, आणि तपासणीच्या पडद्यावर नेहमीचा पगार आणि थकबाकी वेगवेगळ्या ओळींत दिसणार, असं ठरलं.

रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवर हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात संशोधन केलं, ते मला नंतर वाचायला मिळालं. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटेच आले, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. तिथले लोक चुका लपवत नव्हते, हे त्यामागचं कारण असावं असं त्यांना दिसलं. टोयोटाच्या कारखान्यातही अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो. ओढल्याबरोबर उत्पादनाची लाइन थांबत नाही. आधी टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. म्हणजे दोरीइतकंच महत्त्व ओढल्यावर येणाऱ्या माणसाला.

आता आमच्याकडे रन पूर्वीपेक्षा जास्त वेळा थांबतात. बरेचदा निष्पन्न काहीच होत नाही आणि वरून त्यावर टोमणेही येतात. मॅडम प्रत्येक थांब्याची नोंद ठेवतात. कुणी थांबवलं, याचा रकानाच त्या तक्त्यात नाही. थांबवणाऱ्याला मदतीसाठी किती मिनिटं वाट पाहावी लागली, हा आहे, आणि दर महिन्याच्या बैठकीत त्या पहिल्यांदा तोच वाचतात. गेल्या बैठकीत त्यातला सगळ्यात मोठा आकडा त्यांचीच वाट पाहण्याचा होता.