दर पंधरा दिवसांनी ठाणे-हैदराबाद, आणि एकच तिकीट

आई सध्या हैदराबादला दादाकडे आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मी एक शुक्रवार सोडून एक जाते आणि रविवारी रात्री परत. दरवेळी वेगळं बुकिंग करायचा कंटाळा आला म्हणून यावेळी विमानाच्या मल्टी-सिटी बुकिंगमध्ये (एकाच बुकिंगात अनेक फ्लाइट्स टाकायचा पर्याय) महिन्यातल्या दोन्ही ट्रिपा एकत्र टाकल्या, जा-ये जा-ये, सगळं एकाच पीएनआरवर.

तेव्हा कळलं की एका ई-तिकिटात ४ कूपन असतात, एक फ्लाइट म्हणजे एक कूपन, म्हणजे दोन रिटर्न ट्रिपा बरोब्बर बसतात. तिसरी जोडली की पुढच्या नंबरचं दुसरं तिकीट जोडून निघतं. तिकिटाचा नंबर १३ आकडी असतो, त्यातले पहिले ३ एअरलाइनचे.

पण खरी गोष्ट पुढे आहे, नीट वाचा. कूपनं क्रमानेच वापरावी लागतात. दुसऱ्या शुक्रवारी मी घोडबंदर रोडला अशी अडकले की काउंटर बंद झाल्यावरच पोचले, आणि नो-शो (प्रवासी आलाच नाही अशी नोंद) लागला तसं रविवारचं परतीचंही रद्द! आई वाट बघत होती, मला रडूच आलं. आधी फोन करून तारीख बदलली असती तर ते वाचलं असतं.

आणि हो, आता नवी मुंबईचा एअरपोर्टही सुरू झालाय, त्याचा कोड एनएमआय, जुन्या मुंबईचा बीओएम, मल्टी-सिटीत प्रत्येक ओळीत कोड बघूनच क्लिक करा. ऐरोली-वाशीवाल्यांनी तर नक्कीच. पुढच्या महिन्याची तिकिटं मी प्रत्येक ट्रिपची वेगळीच काढलीत.