चौदा मिनिटांची परिषद

जिंतूर तालुक्यातल्या एका अंशतः अनुदानित शाळेत मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवतो. त्या दिवशी अभिरूप विधिमंडळ भरवलं होतं. दहावी विधानसभा, नववी विधानपरिषद. खरी सभा 288 जणांची आणि परिषद 78 जणांची. आमची 41 आणि 33.

विधेयक होतं गॅदरिंगच्या खर्चाचं. धन विधेयक, त्यामुळे ते आधी सभेत. पोरांनी बाकं बडवून तीन मिनिटांत पास केलं आणि नववीकडे धाडलं. परिषदेला असं विधेयक जास्तीत जास्त 14 दिवस ठेवता येतं, म्हणून आम्ही एक मिनिट म्हणजे एक दिवस धरला होता.

नववीतली एक मुलगी उठली. "डेकोरेशनमधले सहाशे रुपये काढून मुलींच्या संडासाला कडी बसवा. दोघी जणी गेल्या की एकीला दार धरून उभं राहावं लागतं." सगळा वर्ग गप्प. परिषदेने एकमताने शिफारस केली. सभेने ती तेवढ्याच झटपट फेटाळली, विधेयक पास.

"मंग सर, आम्हाला इचारलंच कामून?"

मी राज्यघटनेचं कलम 198 सांगितलं: धन विधेयकावरची परिषदेची शिफारस मानायची की नाही, ते सभेने ठरवायचं. साधं विधेयक परिषद पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना अडवू शकते, पैशाचं नाही. अविश्वास ठराव सभेतच. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही आमदारांपैकी मत फक्त सभेतल्यांनाच. सांगता सांगता माझाच आवाज बसत गेला.

कारण जानेवारी 2023 मध्ये मी स्वतः विधानपरिषदेच्या मतदानासाठी रांगेत उभा होतो. औरंगाबाद विभाग शिक्षक मतदारसंघ, मराठवाड्याचे आठही जिल्हे. हातात आयोगाने दिलेला जांभळा स्केचपेन. नावापुढे पसंतीचा 1 आकड्यातच काढायचा, अक्षरात 'एक' लिहिलं की मत बाद. तो 1 मी सुवाच्य अक्षरांच्या स्पर्धेत काढावा तसा काढला होता. टप्पा अनुदानासाठी, म्हणजे आमच्यासारख्या शाळांच्या पगाराला सरकारकडून टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या पैशासाठी! आमचे आमदार त्यावर लक्षवेधी लावतात, तारांकित प्रश्न विचारतात, सभागृहात भांडतातही. पण अनुदानाच्या मागण्यांवर मतदान होतं विधानसभेत. परिषद चर्चा करते, मत देत नाही. हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहितोय, पण माझ्या पगाराशी त्याचा संबंध त्या पोरीने लावून दिला.

ती काही खाली बसेना. "पास झालं तर होऊ द्या. पण आमचं म्हणणं वहीत लिहा."

कार्यवाही लिहिणाऱ्या पोराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही. त्याने 'संडास' खोडून 'प्रसाधनगृह' केलं. तिने त्याला परत 'संडास' लिहायला लावलं.

संध्याकाळी वही सहीसाठी मुख्याध्यापकांकडे नेली. सहसा ते न वाचताच सही ठोकतात. त्या दिवशी चष्मा चढवून वाचत बसले. मग शिपायाला हाक मारून विचारलं, "कडी कितीला येते रे?"