निदान नसलेल्या रुग्णांच्या फाइली

साठी ओलांडलेला पुरुष. ताप उतरतो, पुन्हा चढतो. अंगावर चट्टे उठतात, स्टिरॉइड कमी केले की सगळे नव्याने सुरू होते आणि हिमोग्लोबिन हळूहळू घसरत जाते. कान लालबुंद होऊन सुजतो, पण कानाची पाळी मात्र शाबूत राहते, कारण पाळीत कूर्चा नसते. असा रुग्ण त्वचारोगतज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ यांच्याकडे फिरत राहतो आणि प्रत्येक ठिकाणी आजाराला वेगळे नाव मिळते.

ही सारी लक्षणे एकाच आजाराची असू शकतात, हे २०२० मध्ये ‘वेक्सास’ या विकाराच्या शोधातून कळले. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. डॅनियल कास्टनर यांच्या गटाने वर्षानुवर्षे अशा तापाच्या रुग्णांचा पाठपुरावा केला होता. निदान होत नाही म्हणून त्यांची नोंद बंद केली नव्हती. पुढे डॉ. डेव्हिड बेक आणि सहकाऱ्यांनी लक्षणे बाजूला ठेवून २,५६० जणांची जनुकीय माहिती तपासली, तेव्हा तीन पुरुषांत यूबीए१ या जनुकात एकाच ठिकाणी बिघाड आढळला. शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा रुग्णांची संख्या २५ होती, आणि त्यांतील १० जण दगावले होते. हा आकडा वाचताना मी दर वेळी थांबतो.

हा बिघाड आईवडिलांकडून येत नाही; उतारवयात अस्थिमज्जेतील एखाद्या मूळ पेशीत तो घडतो आणि तिच्या वंशातील पेशी वाढत जातात. म्हणूनच ‘घरात कोणाला असा त्रास होता का?’ या आम्हा डॉक्टरांच्या नेहमीच्या प्रश्नाने इथे काहीच हाती लागत नाही. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि पुरुषांत ते गुणसूत्र एकच असल्याने रुग्ण बहुतांशी पुरुषच असतात. मज्जेची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की अपरिपक्व पेशींत साबणाच्या फेसासारखे गोल, रिकामे बुडबुडे दिसतात. ते पूर्वीही दिसत असत, पण तांब्याची कमतरता किंवा मद्यपान अशी कारणे शोधून विषय तिथेच मिटवला जाई.

एक आजोबा माझ्याकडे येतात. त्यांचे निदान अद्याप झालेले नाही. तापाचा प्रत्येक दिवस ते भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लाल पेनने लिहितात. मागच्या भेटीत त्यांनी तीन वर्षांची पाने पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. त्या सगळ्यांच्या झेरॉक्स काढून मी त्यांच्या फाइलीला जोडल्या आहेत.