खलनायकाची धून, नोंद पाचवी : मावशीचा पंचम काढून घेतला

मागच्या नोंदीतला दीड मिनिटांचा तुकडा पुसून टाकला. मित्राने तो गेममध्ये लावून बघितला आणि म्हणाला, "भीती वाटते रे, पण समोर कोणी दुष्ट माणूस आहे असं वाटत नाही. छप्पर कोसळणार असं वाटतं." दोन दिवस तोंड पाडून बसलो. मग पटलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : गेम गिरणगावातल्या एका बंद मिलमध्ये घडतो. खलनायक म्हणजे रात्रपाळीचा मुकादम. तो कधी धावत नाही, कधी ओरडत नाही, तुमचं नाव मात्र त्याला माहीत असतं. त्याची धून करायची आहे.

माझी चूक अशी, की मी सगळं 'सायको'वरून (१९६०) उचललं होतं. बर्नार्ड हर्मनने त्यात फक्त तंतुवाद्यं वापरली, आणि न्हाणीघरातल्या त्या किंचाळ्या आपल्या सगळ्यांच्या कानात बसल्यात. पण तो आवाज मरणाऱ्याचा आहे, मारणाऱ्याचा नाही. 'जॉज'चे (१९७५) दोन सूर घ्या. ती भूक आहे. शार्कचं कोणाशी वैर नसतं. दुष्टपणाला हेतू लागतो, सवड लागते. जेरी गोल्डस्मिथने 'द ओमेन'ला (१९७६) लॅटिनमध्ये चक्क सैतानाची आरती गाणारा कोरस दिला, आणि त्याला आयुष्यातलं एकमेव ऑस्कर त्यावर मिळालं. भक्तगण जमलेत, म्हणजे हे सगळं ठरवून चाललंय! पण करी रोडच्या दहा बाय बाराच्या खोलीत कोरस कुठून आणू?

वाट दाखवली 'रोझमेरीज बेबी'ने (१९६८). क्रिस्तोफ कोमेदाची शीर्षकधून चक्क अंगाई आहे, आणि ती गुणगुणलीय खुद्द नायिका मिया फॅरोने. कोणी किंचाळत नाही.

थोडं विषयांतर. 'सैतानाचं स्वरांतर' म्हणून षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या सहा अर्धस्वरांच्या अंतराचं फार कौतुक होतं. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही दंतकथाच आहे, तशा बंदीचा पुरावा नाही. मीही तीन आठवडे तेच वाजवत बसलो होतो. मग गिरगावात मावशीकडे गेलो, तर ती संध्याकाळी नेहमीसारखी यमन आळवत होती. तोच तीव्र मध्यम, आणि सैतान सोडा, घरात मांजरसुद्धा दचकलं नाही. कारण तिचा मध्यम पंचमाकडे निघालेला असतो, आणि तानपुऱ्यात पंचम त्याची वाट बघत असतो. घर दिसतंय म्हटल्यावर भीती कसली?

म्हणून पंचमच काढला. मारवा रागात तो वर्ज्य, शिवाय कोमल ऋषभ, आणि षड्जावरही गायक फार टेकत नाहीत. मारवा दुष्ट आहे असं म्हणणाऱ्याला मी मारीन, हे आधीच सांगतो. बेघर आहे इतकंच. मावशीला म्हटलं, तू नेहमीची अंगाई म्हण, पण या सुरांत, आणि लय अर्धी कर. ती म्हणाली, "अरे, दिवेलागणीला असलं काही म्हणायला लावतोस? दुपारी ये." मग दुपारी चारला रेकॉर्डिंग. तीन टेक कुकरच्या शिट्टीत गेले, चौथा मिळाला. त्यावर कसलीही करामत केलेली नाही. आवाज खाली ओढून पाहिला होता, लगेच भूतपटातलं भूत झालं. मूळ आवाजातला मायाळूपणाच अंगावर येतो.

खालचा थर पेटीचा. शेजारच्या दोन पट्ट्या एकत्र दाबल्या की अर्धस्वराची घासाघीस होते, पण सप्तक महत्त्वाचं. ४४० आणि ४६६ हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपनं) एकत्र वाजले की सेकंदाला फरकाइतके, म्हणजे २६ ठोके पडतात, कान त्यांना खरखर म्हणून ऐकतो. दोन सप्तकं खाली, ११० आणि ११६.५ला, साडेसहाच ठोके. तिथे खरखर संपते आणि काहीतरी धडधडायला लागतं. मला ते धडधडणं हवं होतं. हे रात्री शेवटची लोकल गेल्यावर रेकॉर्ड केलं. शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?"

एक गोष्ट अपघाताने सापडली. रेकॉर्डिंगमध्ये जिन्याखालच्या मीटरच्या खोलीची घरघर आली होती. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती घरघर त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झवर. पेटीचा जवळचा सूर ९८ हर्ट्झचा. घरघर काढून टाकण्याऐवजी सगळी धूनच १००च्या षड्जावर चढवली. आता मिलचे दिवे आणि मुकादम एकाच सुरात आहेत.

(ज्यांना गेम-संगीत म्हणजे पोरखेळ वाटतो त्यांच्यासाठी : 'तुंबाड'चं (२०१८) पार्श्वसंगीत येस्पर कीडचं आहे, म्हणजे 'हिटमॅन' आणि 'असॅसिन्स क्रीड'वाल्याचं.)

अडलं ते लूपला. १ मिनिट ५२ सेकंदांनी धून पुन्हा सुरू होताना टक्क असा आवाज यायचा. फेड देऊन (सांध्यावर आवाज हळूहळू उतरवून) पाहिलं, धून मलूल झाली. शेवटी मावशीने पहिल्या ओळीआधी घेतलेला श्वास, जो मी सफाई करताना कापला होता, तो परत आणून सांध्यावर ठेवला. टक्क गेलं. आता दर १ मिनिट ५२ सेकंदांनी ती श्वास घेते आणि पुन्हा सुरू करते. मित्राने हेडफोन काढून ठेवले.

पेटीचा थर मुकादम किती पावलांवर आल्यावर उघडायचा, हे अजून ठरायचंय. सध्या बारा ठेवलंय, मला वीस हवंय. मावशीने दोनदा विचारलं, कशासाठी होतं ते. 'कंपनीच्या कार्यक्रमासाठी' असं सांगून बसलोय.