तुम्ही विचारलंत म्हणून: कपच्या मॅचला बी टीम उतरवली की राग येतो का?

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. ऑफिसात विचारतात, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गणपती मंडळाची पोरं विचारतात, आणि भाचा तर मुद्दाम चिडवायलाच विचारतो कारण तो चेल्सीवाला आहे, आमच्या विरोधी फुटबॉल क्लबचा. प्रश्न असा, की मावशी, तुमची ती इंग्लंडची फुटबॉल टीम, लिव्हरपूल, कपच्या मॅचला अर्धी टीम घरी बसवते, अकॅडमीतली पोरं मैदानात पाठवते, आणि तुम्ही तरी रात्री दीडपर्यंत जागून ते बघता, मग राग येत नाही का? ऑफिसातले एक काका तर दर वेळी म्हणतात, बेन, आ तो बी टीम छे, सूई जाओ ने, म्हणजे ताई, ही तर बी टीम, झोपा की.

राग येतो. पण सरसकट येत नाही, आणि कधी येतो ते नीट सांगायचं तर थोडं लांबून यावं लागेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की इंग्लंडच्या मोठ्या क्लबला लीगच्या, म्हणजे प्रीमियर लीगच्या, ३८ मॅचेस असतात, वर युरोप, म्हणजे चॅम्पियन्स लीगसारख्या स्पर्धा, आणि त्यात दोन कप, एक एफए कप जो १८७१ पासून चालू आहे आणि दुसरा लीग कप. पैसा सगळा लीगमध्ये आणि चॅम्पियन्स लीगमध्ये. कप जिंकून मिळतं ते त्यापुढे चिल्लर, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तीन-तीन दिवसांनी मॅच आली की मॅनेजर सगळ्यात आधी कपवर कात्री चालवतो. हिशेब म्हणून तो चुकत नाही, हे मी मान्य करते. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेला की खेळाडू महिना-दीड महिना बाहेर, मग लीगपण जाते.

मी लिव्हरपूल बघायला लागले तो सीझन होता २००४-०५. एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकत होते, आणि त्या एकाच सीझनमध्ये या प्रश्नाची दोन्ही उत्तरं मिळाली. डिसेंबरमध्ये तेव्हाचा मॅनेजर बेनिटेझने लीग कपला टॉटनहॅमच्या ग्राउंडवर बहुतेक पोरंच उतरवली, आणि ती पोरं पेनल्टीवर जिंकली. सगळे खूश, काय हिंमत, काय भविष्य. पुढच्याच महिन्यात एफए कपला बर्नलीला तशीच कमकुवत टीम नेली आणि १-० हरलो, तेही कसं, तर जिमी ट्राओरेने आपल्याच गोलसमोर बॉल पायाखालून मागे ओढायला जाऊन तो आपल्याच जाळ्यात घातला. मग तोच बेनिटेझ वाईट, त्याला म्हणे या कपची परंपरा कळत नाही. आणि मे महिन्यात इस्तंबूलला, आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजता सुरू झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या त्या फायनलमध्ये, मिलानविरुद्ध ०-३ वरून ३-३ झाल्यावर शेव्हचेन्कोचा शॉट गोललाइनवरून काढणारा कोण, तर तोच ट्राओरे. म्हणून कपमधल्या एका मॅचवरून कोणाला निकामी ठरवणारी माणसं मला आवडत नाहीत, मग ती आपल्याच क्लबची का असेनात.

आता १७ डिसेंबर २०१९. हे जरा सविस्तर सांगते कारण लोक याच मॅचबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. लिव्हरपूल क्लब वर्ल्ड कपसाठी कतारला गेलेली, तिथे १८ तारखेला मेक्सिकोच्या मोंतेरेशी सेमी, आणि इकडे १७ तारखेला ॲस्टन व्हिलाशी लीग कपची क्वार्टर फायनल. दोन दिवस, दोन खंड, एक क्लब. तारीख काही सोयीची निघाली नाही, म्हणून तेव्हाचा मॅनेजर क्लॉप आणि सगळी मोठी मंडळी दोह्याला आणि व्हिलाच्या मैदानावर, व्हिला पार्कला, नील क्रिचली नावाचे युथ कोच, सोबत सरासरी १९ वर्षांची टीम. हार्वे एलियट तर सोळाचा. आपल्याकडे सव्वाला सुरू झाली मॅच. घरात सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद, हॉलमध्ये मी एकटी शाल घेऊन. आणि खरं सांगते, पहिली दहा-बारा मिनिटं पोरं इतकी सुंदर खेळली की मला वाटलं आज काहीतरी होणार, बॉल फिरतोय, एलियट उजवीकडून आत शिरतोय, व्हिलावाले मागे मागे सरकतायत. मग चौदाव्या मिनिटाला हूरिहानची फ्रीकिक सगळ्यांना चुकवत थेट आत, तीन मिनिटांत दुसरा, आपल्याच पोराच्या पायाला लागून उडून गोलकीपरच्या डोक्यावरून. हाफटाइमला ०-४. शेवटी ०-५.

मला तेव्हा पोरांचा राग आला नाही. क्लॉपचा पण नाही. मॅच संपेपर्यंत लिव्हरपूलचे तिथे गेलेले फॅन गात होते आणि मॅच झाल्यावर व्हिलाचे मॅनेजर पोरांच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन त्यांना शाबासकी देऊन आले. राग आला तो त्या वेळापत्रकाचा, ज्याने सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना एकही मोठा माणूस सोबत न देता तिथे उभं केलं. दुसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता परत टीव्ही लावला, फिर्मिनोने शेवटच्या क्षणी गोल टाकला, मोंतेरेला २-१ हरवलं, तीन दिवसांनी ब्राझीलच्या फ्लामेंगोला हरवून क्लब वर्ल्ड कप आला. आनंद झालाच. पण त्या आनंदातपण व्हिला पार्कवरचा तो ०-४ चा बोर्ड मनातून जात नव्हता.

आणि मग तीनच आठवड्यांत, ५ जानेवारीला, एफए कपला एव्हर्टन. शहरातली जुनी दुश्मनी. क्लॉपने परत पोरं उतरवली, मी लाइनअप बघून कपाळाला हात लावला, समोर एव्हर्टनची जवळपास पूर्ण टीम. पण या वेळी पोरांच्या आजूबाजूला लल्लाना होता, गोमेझ होता, ओरिगी होता. एकाहत्तराव्या मिनिटाला कर्टिस जोन्स, त्याच शहरातला पोरगा, अठरा वर्षांचा, बॉक्सच्या कडेवरून त्याने बॉल असा वळवला की बारला घासून आत. १-०. रविवारची रात्र, साडेनऊची मॅच, मी इतकी ओरडले की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या काय झालं. तो जोन्स पुढे पाच वर्षांनी लीग जिंकणाऱ्या टीममध्ये होता. आता मला सांगा, त्या दिवशी क्लॉपने नेहमीचे अकरा उतरवले असते तर हा गोल कोणी बघितला असता?

तर माझं म्हणणं इथे आहे. पोरं उतरवायला माझी ना नाही. पण पोरांना टीम म्हणून उतरवा, मॅच उरकायला नको. दोन-तीन मोठे मधोमध हवेत, जे ओरडतील, जागा दाखवतील, गोल खाल्ल्यावर बॉल उचलून सेंटरला आणतील. २०२४ ची लीग कप फायनल आठवा, चेल्सीविरुद्ध. तिथे तर नाइलाज होता, आमचा सगळ्यात मोठा स्टार सलाह जखमी, ॲलिसन जखमी, नुन्येझ, सोबोस्लाई, जोटा सगळे बाहेर. एक्स्ट्रा टाइमला मैदानात क्लार्क १९, मॅककॉनेल १९, डॅन्स १८. समोर अब्जावधी खर्चून उभी केलेली टीम. पण मागे कॅप्टन व्हॅन डाइक उभा होता ना, आणि ११८ व्या मिनिटाला त्यानेच हेडरने गोल मारला. भाच्याला त्यानंतर दोन दिवस फोन उचलायची इच्छा नव्हती.

याच्या उलट, ९ फेब्रुवारी २०२५, प्लिमथ. खरा राग मला त्या दिवशी आला. प्लिमथ चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या लीगमध्ये, शेवटच्या नंबरवर. क्लॉपनंतर आलेल्या मॅनेजर स्लॉटने दहा बदल केले, आणि सलाह, व्हॅन डाइक तर प्लिमथला आलेच नाहीत, बेंचवरपण नाहीत. एलियटचा हँडबॉल, हार्डीची पेनल्टी, १-०, कप संपला. प्लिमथच्या लोकांचा आनंद बघून बरं वाटलं, त्यांनी ते कमावलं होतं. पण माझ्या टीमकडे मागे पडल्यावर उठवून आत पाठवायला सलाह नव्हता हे मला अजून पटत नाही. आणि विश्रांती देऊन झालं काय? मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगमधून पॅरिसच्या पीएसजीने पेनल्टीवर बाहेर काढलं आणि त्याच आठवड्यात वेम्ब्लीला न्यूकॅसलकडून लीग कपची फायनल हरलो, पाय दमलेलेच दिसत होते. हो, एप्रिलमध्ये लीग जिंकलो, विसावी, आणि त्या दिवशी मी रडले. कोणी म्हणेल त्या विश्रांतीमुळेच जिंकलो. असेलही, मी ते खोडून काढू शकत नाही. म्हणूनच तर म्हणते की डोकं एक बोलतं आणि मन दुसरं.

श्रूसबरीचा रिप्ले, म्हणजे एफए कपची बरोबरीत सुटलेली मॅच परत खेळली ती, मात्र माझ्या या सगळ्या मांडणीत बसत नाही आणि तो मी लपवणार नाही. फेब्रुवारी २०२०, मोठ्यांना विंटर ब्रेक, क्लॉप स्वतःपण आला नाही, परत क्रिचली आणि परत नुसती पोरं. जोन्स कॅप्टन, तेव्हा नुकताच एकोणीस झालेला. आणि जिंकले, १-०, ५२ हजारांहून जास्त लोकांसमोर. तिकिटं स्वस्त ठेवली होती, म्हणून एरवी ॲनफील्डला, लिव्हरपूलच्या मैदानावर, ज्यांना शिरायला मिळत नाही ती शाळकरी मुलं मोठ्या संख्येने आलेली. हे मला फार आवडलं. कारण कपचा हा एक भाग बाहेरच्यांना कळत नाही, लीगचं तिकीट सामान्य माणसाला मिळणं महाकठीण, कपचं मिळतं. माझा मामेभाऊ लेस्टरला असतो, त्याने मुलाला पहिल्यांदा ॲनफील्डला नेलं ते लीग कपलाच. मुलाच्या अंगावर सलाहचा शर्ट, आणि सलाह टीममध्ये नाही. भाऊ फोनवर मला अर्धा तास ऐकवत होता, जसं काही टीम मीच निवडली. मुलगा मात्र मागून विचारत होता, परत कधी जायचं.

बडोद्यात हे समजवायला मला फार कष्ट पडत नाहीत, कारण आपण हेच क्रिकेटमध्ये जगतो. हार्दिक बडोद्याकडून खेळायला उतरला की स्टेडियम भरतं, आणि तो नसला की लोक स्कोअरसुद्धा विचारत नाहीत. पण डिसेंबर २०२४ मध्ये इंदोरला बडोद्याने सिक्कीमविरुद्ध टी-ट्वेंटीत ३४९ केले, तोपर्यंत जगात कोणीच केले नव्हते एवढे, आणि त्या मॅचला हार्दिक नव्हताच. भानू पानियाने ५१ बॉलमध्ये १३४ मारले. कॅप्टन मात्र हार्दिकचा मोठा भाऊ कृणाल होता. बघा, परत तेच, एक जाणता माणूस आणि बाकीची पोरं.

तेव्हा काकांना माझं उत्तर असं, की मी झोपणार नाही. लाइनअप यायची वाट बघेन, त्यात अकॅडमीची चार-पाच नावं दिसली तर ती पोरं कोण, कुठली, किती वर्षांची ते मॅचच्या आधी शोधून ठेवेन. आणि बेंचची यादी शेवटपर्यंत वाचेन, कारण मला त्यात सलाहसारख्या एखाद्या मोठ्या खेळाडूचं नाव हवं असतं. तो नव्वद मिनिटं बसून राहिला तरी चालेल, पण बसमधून आलेला हवा.