वीस मॅचची वही

आयएसएलचा, म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा २०२२-२३ चा सीझन कोण जिंकलं असं विचारलं की दहातले नऊ जण एटीके मोहन बागान सांगतात. चूक नाहीये त्यांचं, लीगनंतर वरच्या संघांची जी प्लेऑफ होते तिची फायनल त्यांनीच मारली, गोव्यात बंगळुरूला पेनल्टीवर हरवून. पण मी तो सीझन अंधेरीच्या ग्राउंडवर बसून बघितलाय, आणि माझ्यासाठी तो मुंबई सिटीचाच आहे आणि कायम राहणार. २० मॅच, १४ जिंकल्या, ४ ड्रॉ, २ हरल्या, ५४ गोल, ४६ पॉइंट. पाच महिने कधी हैदराबाद कधी चेन्नई कधी कोलकाता असं फिरून, दुखापती सांभाळून जो सगळ्यात वर राहतो त्याने लीग जिंकली, मला एवढंच कळतं. पॉइंटमध्ये पहिला येणाऱ्याला जे मिळतं त्याला लीग शील्ड म्हणतात आपल्याकडे, पण लोकांच्या डोक्यात ते बसतच नाही अजून.

जरा मागचं सांगतो, नाहीतर त्या सीझनचं आम्हाला इतकं का ते समजणार नाही. २०२०-२१ ला कोविडमुळे सगळी लीग गोव्यात झाली, प्रेक्षक नाहीत, नुसती मॅच. कोच लोबेराची टीम होती तेव्हा. मुंबईने शील्ड पण जिंकलं आणि प्लेऑफची ट्रॉफी पण, फायनलला ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला. त्याआधी मुंबईच्या क्लबने देशातली सगळ्यात वरची लीग जिंकली ती २००५-०६ ला, महिंद्रा युनायटेडने, आणि तो क्लब तर २०१० ला बंदच झाला. म्हणजे इतक्या वर्षांनी आपल्या शहरात ट्रॉफी आली आणि आम्ही ती डोंबिवलीत हॉलमध्ये टीव्हीवर बघितली. शेजारच्या घरात पेशंट होता म्हणून बिपिनच्या गोलला मी तोंडावर उशी धरून ओरडलो होतो. रिकामं स्टेडियम, खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका स्पष्ट ऐकू येत होत्या. ती जीत माझीच आहे पण हाताला लागली नाही असं वाटत राहिलं. पुढचा सीझन पण गोव्यातच झाला आणि आपण पाचवे आलो, प्लेऑफ पण नाही.

त्यामुळे ऑक्टोबर २०२२ ला ओडिशाविरुद्ध पहिली होम मॅच आली तेव्हा मी आठ दिवस आधीपासून घरात डोकं खात होतो. भाचा तेव्हा दहा वर्षांचा, त्याने आयुष्यात स्टेडियम बघितलं नव्हतं. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रो, आझाद नगरला उतरायचं आणि चालत सुटायचं. मेट्रोत निळ्या जर्सीवाले दिसायला लागले तसा तो माझा हात घट्ट धरायला लागला. गेटमधून आत जाऊन पायऱ्या चढलो आणि दिव्यांच्या उजेडात ते हिरवंगार पिच समोर आलं तेव्हा तो फक्त "मामा" एवढंच म्हणाला. वेस्ट ब्लॉक ब्लूजवाल्यांचे, म्हणजे आपल्या फॅन ग्रुपचे ढोल चालूच होते, अडीच वर्षांनी तो आवाज कानावर पडला, मला भरूनच आलं. २-० जिंकलो.

त्या रात्री आमच्या बाबांनी त्याला वही करून दिली. बाबा जुने फुटबॉलवेडे, गिरगावातून चालत कूपरेजच्या ग्राउंडला जायचे रोव्हर्स कप बघायला, मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स ही जुन्या संघांची नावं अजून तोंडावर. त्यांनी पट्टी ठेवून वीस ओळी आखल्या, समोर संघ, स्कोअर, गोल कोणी मारले, आणि शेवटच्या रकान्यात पॉइंट. म्हणाले, "लीग म्हणजे ही वही आहे बाळा, एक पण ओळ रिकामी ठेवायची नाही." हैदराबादशी झालेली पहिली ३-३ ची ड्रॉ बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि मग पेन त्याच्या हातात दिलं.

आणि मग काय भरत गेली ती वही! चेन्नईत आपण ०-२ ने मागे होतो, म्हटलं आज गेली मॅच, आणि ६-२ ने जिंकलो. लागोपाठ ११ मॅच जिंकल्या, अकरा! कोच डेस बकिंगहॅमची ती टीम बघायला मिळणं म्हणजे नशीब होतं हो. मागे जाहूह शांतपणे इकडून तिकडे पन्नास पन्नास मीटरचे पास टाकतोय, मध्ये अपुइया सगळं झाडून घेतोय, ग्रेग स्टुअर्टच्या पायाला बॉल लागला की पुढे काहीतरी होणार हे आख्ख्या स्टँडला कळायचं, एका बाजूला बिपिन आणि दुसऱ्या बाजूला छांगटे. छांगटे उजवीकडून पळत यायचा आणि आत वळून डावा पाय काढायचा, डिफेंडरला माहीत असायचं, आम्हाला माहीत असायचं, तरी अडवता यायचं नाही. भाचा अजून आमच्या पार्किंगमध्ये तोच वळसा मारतो. मिझोराम, मणिपूर, सिक्कीमची ही पोरं आणि आपला मुंबईचाच राहुल भेके, नावं पाठ झाली होती सगळ्यांची.

८ जानेवारीची केरला ब्लास्टर्सची मॅच मी मरेपर्यंत विसरणार नाही. रविवार होता, केरला सलग आठ मॅच न हरता आलेली, आणि मुंबईतले मल्याळी लोक पिवळ्या जर्सीत एवढे आलेले की मेट्रोपासून पिवळंच पिवळं. चौथ्या मिनिटाला परेरा डियाझ, दहाव्या मिनिटाला स्टुअर्ट, सोळाव्याला बिपिन, बावीसाव्याला परत डियाझ. २२ मिनिटांत चार! भाचा वहीत एक नाव लिहून मान वर करतोय तोवर पुढचा गोल, शेवटी त्याने वही माझ्या मांडीवर टाकली आणि खुर्चीवर उभा राहिला. मागे बसलेले एक केरळचे काका, चांगले साठीचे, त्यांनी चौथ्या गोलनंतर पुढे वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हिंदीत म्हणाले, बेटा तेरी टीम बहोत अच्छी है. ४-० वरच संपली मॅच.

११ फेब्रुवारीला गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवाला ५-३ हरवलं आणि शील्ड पक्कं झालं, दोन मॅच बाकी ठेवून. १८ मॅचमध्ये एकही हार नाही. ज्या मैदानावर दोन वर्षांपूर्वी रिकाम्या खुर्च्यांसमोर ट्रॉफी घेतली होती तिथेच, आणि या वेळी मी खिडकी उघडून ओरडलो.

नंतर बंगळुरूला जाऊन हरलो, आणि १९ फेब्रुवारीला घरी शेवटची मॅच ईस्ट बंगालशी. बाबांचे गुडघे गेलेत, पायऱ्या चढवत नाहीत, पण ईस्ट बंगाल म्हटल्यावर ते ऐकेनात, त्यांनी त्या क्लबला कूपरेजला बघितलेलं. एकेका पायरीवर थांबत, एक हात माझ्या खांद्यावर आणि एक नातवाच्या, असे वर आले. ती मॅच १-० ने हरलो आपण, आणि त्याच संध्याकाळी शील्ड हातात मिळालं. भाच्याला कळेना हसायचं की रडायचं, "आजोबा, हरलो ना आपण, मग कप कसा देतायत?" बाबांनी त्याच्या पिशवीतून वही काढली, त्याला विसावी ओळ भरायला लावली, शून्य पॉइंट, आणि मग सगळी बेरीज त्याच्याकडूनच करून घेतली, तिकडे खेळाडू शील्ड घेऊन नाचतायत आणि इकडे हे दोघं बोटं मोजतायत. ४६ आले. "यासाठी देतायत," बाबा म्हणाले. मग उठून उभे राहिले, आणि खेळाडू स्टँडसमोरून जाईपर्यंत खाली बसले नाहीत.

मग प्लेऑफ. सेमी फायनलचं लिहायला अजून जड जातं. समोर बंगळुरू, लीगमध्ये चौथे, आपल्यापेक्षा १२ पॉइंट कमी, पण शेवटच्या आठ मॅच सलग जिंकून आलेले त्यामुळे ते कमी होते असं मी बिलकुल म्हणणार नाही. पहिली मॅच अंधेरीला, ७ मार्चला, धुळवडीच्याच दिवशी, निम्म्या स्टँडच्या कानामागे गुलाबी रंग होता. छेत्री सब म्हणून आला आणि कॉर्नरवर हेडर मारून गेला, ०-१. दुसरी त्यांच्या घरी, बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमला. पहिल्या हाफमध्येच स्टुअर्टची पेनल्टी त्यांचा गोलकीपर गुरप्रीतने अडवली, मग त्यांचा गोल, मग बिपिनचा, मग ६६ व्या मिनिटाला मेहताब सिंगचा, दोन्ही मॅच मिळून २-२. एक्स्ट्रा टाइम, पेनल्टी. आठच्या आठ आपण मारल्या, त्यांनी पण आठच्या आठ. नववी मारायला मेहताब आला आणि गुरप्रीतने अडवली, झिंगनने त्यांची मारली. ९-८. ज्या पोराने आपल्याला मॅचमध्ये परत आणलं त्याच्याच पायावर संपलं सगळं.

आमच्या हॉलमध्ये कोणी बोललं नाही. वहीत सेमीसाठी ओळच नव्हती. भाच्याने मागचं कोरं पान काढलं, बिपिन आणि मेहताब अशी गोल मारणाऱ्यांची दोन नावं लिहिली आणि वही बंद केली. पेनल्टीचं काहीच लिहिलं नाही, मी पण विचारलं नाही.

पण शील्डचं जे मोल लोकांना कळत नाही म्हणतो ना मी, ते एप्रिलमध्ये दिसलं. एएफसी चॅम्पियन्स लीगची, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेची जागा प्लेऑफच्या ट्रॉफीवर नव्हतीच, आदल्या वर्षीचं शील्ड जिंकलेलं जमशेदपूर आणि या वर्षीचं जिंकलेलं मुंबई यांच्यात मॅच होती, ४ तारखेला केरळात मंजेरीला. ३-१ जिंकलो. वीस ओळींची ती बेरीज मुंबईला एशियात घेऊन गेली. मॅच संपल्या संपल्या बाबांनी पट्टी मागितली, नवीन पान उघडलं आणि मला विचारलं, "गटात किती मॅच असतात रे?"

सहा म्हटलं. त्यांनी सहा ओळी आखल्या.